मशीनरूमबाहेरच्या चपला

१

आमच्या मिलच्या ऑफिसात चप्पल बाहेर काढून आत जायची अशी एकच खोली होती, आणि तिच्यात देव नव्हता, मशीन होतं.

त्याआधी आमचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक हॉल. टेबलाला टेबल लावून कारकून बसलेले, खिडक्या सताड उघड्या, पलीकडे मागांची धडधड. एकाला दुसऱ्याकडून काही हवं असलं की तो जागेवरून ओरडायचा, दुसरा तंबाखू मळत मळत उठायचा आणि वाटेत चौघांशी बोलून मग पोचायचा. कामं व्हायची. घाई कुणालाच नव्हती.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी पुण्याहून नवे मॅनेजर आले, मानसिंगराव साहेब. त्यांनी हॉलचा एक कोपरा मागून घेतला. तिथल्या खिडक्या विटांनी बुजवल्या, वर प्लायवूडचं खोटं छत टाकलं, खाली गुळगुळीत लिनोलियम, हॉलच्या बाजूला काचेची भिंत आणि मागच्या भिंतीत एअर कंडिशनरचं धूड. मग ट्रकमधून मशीन आलं. कामगारांच्या हजेरीची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एका बाजूनं घालायची, दुसऱ्या बाजूनं पगारपत्रक छापून बाहेर पडायचं. ज्या कामाला अर्धा हॉल आठवडाभर मान मोडायचा, ते मशीन सकाळी सुरू करून संध्याकाळच्या आत हातावेगळं करायचं.

मशीनला धूळ चालत नव्हती. म्हणून चपला दाराबाहेर. पान-तंबाखू बंद, ओरडणं बंद, आत उगाच येणं बंद. कार्डं काचेतल्या छोट्या झरोक्यातून द्यायची आणि कागद तिथूनच घ्यायचे. हॉलमधली मंडळी मला चिडवायची. "गुरुबसप्पा, एवढं सोवळं तर आमच्या सासूनंबी कदी पाळलं न्हाई," असं एकजण म्हणायचा, आणि बाकीचे हसायचे. हसू दे की. त्या खोलीत बसायला साहेबांनी निवडलं होतं मला.

चपलांमुळे एक नवीच सवय सगळ्यांना लागली. आत कोण आहे हे बघायला कुणी काचेतून डोकवायचं नाही, खाली बघायचं. दाराशी माझ्या चपला दिसल्या की मी आत. रुद्राणीच्या सॅंडल दिसल्या की ती आत. ही रुद्राणी म्हणजे कार्डांना भोकं पाडणारी मुलगी, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, हुशार आणि फटकळ. संध्याकाळी कल्लप्पा शिपाई फेरी मारायचा. दाराशी चपला नसल्या की एअर कंडिशनर बंद करून बाहेरून कुलूप लावायचा. त्यानं आत कधी पाऊल टाकलं नाही. बटण दाराजवळच होतं, हात घातला की काम झालं.

२

मला ती खोली का आवडायची, ते सांगायला हवं.

मला लहानपणापासून दमा. त्यात नोकरी मिलमध्ये. खिडक्यांतून कापसाचं तूस उडत यायचं, कागदांवर बसायचं, भुवयांवर बसायचं, छातीत जायचं. रात्री उशीला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचं आणि एकेक श्वास ओढायचा. श्वास सोडताना शेवटी एक बारीक शिट्टी वाजायची. काशम्मा, माझी बायको, पाठ चोळत बसायची. तिला माझ्या शिट्टीवरून कळायचं, आज कितपत जागायचं आहे ते. गोळ्या झाल्या, धोत्र्याच्या विड्या झाल्या, मृगाला हैदराबादला जाऊन औषध घेऊन झालं. डॉक्टर म्हणाले होते, तूस सोडा. तूस सोडायचं म्हणजे नोकरी सोडायची, आणि मग खायचं काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

त्या बंद, गार खोलीत तूस नव्हतं. बाहेर सोलापूरचा चैत्र भाजून काढत होता आणि मी आत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलो होतो. सुरुवातीचे काही दिवस छाती आपल्या जुन्या चालीनं वाजत राहिली. रुद्राणी म्हणायची, "सर, मशीनचा आवाज जास्त की तुमचा?"

मग एका संध्याकाळी कार्डं अडकली म्हणून निघायला थोडा उशीर झाला. बाहेर आलो तर दाराशी माझ्यासारख्याच चपलांचे दोन जोड. रुद्राणी केव्हाच गेली होती, आत तर कुणी नव्हतं. आमच्या बाळीवेशीत चपला शिवणारा एकच, अर्ध्या गल्लीच्या पायांत एकाच वळणाच्या चपला. हॉलमधल्या कुणीतरी इथं काढून ठेवल्या असतील, असं मनाशी म्हणालो, जवळचा जोड पायात सरकवला आणि सायकलवर टांग मारली.

त्या रात्री मी आडवा झोपलो. सरळ, पाठीवर, सकाळपर्यंत. उठलो तेव्हा काशम्मा चुलीपुढे बसून डोळे पुसत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई. लई वर्षांनी झोपले की वो."

मला इतकं बरं वाटलं, की पूजेला बसलो तेव्हा मागायला काही सुचलंच नाही.

३

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचलो तर कल्लप्पा जिन्यात भेटला आणि थबकला.

"तुमी आत हाव म्हनून आमी दार उगडलंच न्हाई," तो म्हणाला.

"मी आत्ता येतोय."

"मग चपला?"

मशीनरूमच्या दाराशी एक जोड होता. बोटं आतल्या बाजूला, टाचा हॉलकडे, आत जाणारा माणूस काढतो तसा. कालचाच असणार. मी हॉलमध्ये विचारलं, चपला कुणाच्या म्हणून. सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं. कुणीच काही हरवलेलं नव्हतं.

"रातभर ती गारव्याची मशीन चालू हाय," कल्लप्पा म्हणाला. "चपला दिसल्या म्हनून कुलूप लावलं न्हाई. सायबांनी बघितलं तर मलाच बोलतील."

मी त्याला म्हणालो, कुणाच्या तरी जुन्या चपला आहेत, बाजूला सारून ठेव. त्यानं मान हलवली, पण हात लावला नाही. दुसऱ्याच्या पायातलं उचलायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. मीही उचलल्या नाहीत. खरं तर मी इतका खुशीत होतो, की चपलांची चौकशी करायला सवड नव्हती.

मग तो जोड तिथंच राहिला. माझा जोड, रुद्राणीच्या सॅंडल आणि तो. सवय झाली. कुणी झरोक्यातून कार्डं देताना खाली बघायचं आणि विचारायचं, "आज तिघं का आत?" मी म्हणायचो, दोघंच. संध्याकाळी कल्लप्पा येऊन उभा राहायचा, जोडाकडे बघायचा आणि कुलूप न लावताच जायचा. चपला बाहेर आहेत म्हणजे आत माणूस आहे, आणि आत माणूस असताना कुलूप लावणं त्याच्या हातून होईना. मी कितीदा सांगितलं, आत कुणी नाही. तो म्हणायचा, "तुमी म्हनताव ते खरं. पन उद्या काय झालं तर?"

४

मशीन चालू असलं की दुसरं काही ऐकू येत नसे. कार्डांची थप्पी संपली की ते थांबायचं, आणि मग नुसता गारव्याचा घुमार राहायचा.

अशाच एका वेळी रुद्राणीनं कार्डं बाजूला ठेवली आणि म्हणाली, "सर, आज पुन्हा त्रास होतोय का? छातीतून आवाज यायलाय की."

"माझ्या?"

"मग कुणाच्या?"

मी ऐकलं. ओढून घेतलेला श्वास. मध्ये थोडं अडकणं. मग सोडणं, आणि सोडता सोडता शेवटी एक बारीक शिट्टी.

मी माझा श्वास रोखून धरला. आवाज थांबला नाही. ओढणं, अडकणं, सोडणं, शिट्टी. माझी छाती शांत होती, हात छातीवर होता, आणि आवाज आमच्या पाठीमागून, भिंतीकडून येत होता. आम्ही दोघंही मशीनकडे तोंड करून बसत असू. पाठीमागं एक रिकामी खुर्ची होती, कुणी साहेब बघायला आले तर बसायला म्हणून ठेवलेली. मी वळून बघितलं. खुर्ची रिकामीच होती.

"एअर कंडिशनर," मी म्हणालो. "हवा कुठंतरी फटीतून निघते."

"हवेला उबळ येते का, सर?"

 दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला. त्यानं जाळी काढून दाखवली, तिच्यावर तुसाचा जाड थर बसलेला. ती धुतली, पुन्हा बसवली, आता शिट्टी वाजणार नाही म्हणाला. पटण्यासारखं होतं. मी आकडेमोडीचा माणूस, मला कारण मिळालं की मी झोपतो. आणि झोप तर त्या दिवसांत इतकी गाढ लागत होती, की काशम्मा हलवून उठवायची.

मेकॅनिक गेला, मशीन थांबलं, आणि शिट्टी होतीच. आता जरा जास्तच ओढून.

५

रुद्राणीनं आठवडाभर काढला. मग एक दिवस सॅंडल पायात घालून ती हॉलमध्ये जाऊन बसली आणि म्हणाली, भोकं मी इथं बसून पाडते. तिचं छोटं पंच मशीन कल्लप्पानं उचलून नेलं.

जेवणाच्या सुट्टीत हॉलमध्ये ती माझ्या डब्यासमोर येऊन बसली. "सर, तुम्ही पण साहेबांना सांगा की. गरम होतं इथं, पण माणसं तर दिसतात."

"मला इथं बसवत नाही, रुद्राणी. तूस आहे."

"तिथं काय आहे?"

"तिथं मला श्वास घेता येतो," मी म्हणालो. ते खरंच होतं. ती शेंगाचटणीचा डबा माझ्याकडे सरकवून उठून गेली.

मानसिंगराव साहेबांच्या कानावर काहीतरी गेलंच. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "गुरुबसप्पा, खोलीत काही अडचण असेल तर सांगा. पुण्याहून शिकलेला माणूस मागवतो, तुम्हाला पुन्हा हॉलमध्ये घेतो." चांगल्या मनानं म्हणाले ते.  हॉल म्हणजे तूस, उशी, काशम्माचा पाठीवरचा हात आणि पहाटेपर्यंतची जाग. मी म्हणालो, "काही अडचण नाही, साहेब. उलट फार बरं आहे."

त्यानंतर मी आत एकटाच. खरं सांगतो, दिवस वाईट गेले नाहीत. काम चोख होत होतं. पाठीमागच्या आवाजाची इतकी सवय झाली, की मशीन थांबलं की मी नकळत त्याची वाट बघायचो. फक्त एक गोष्ट खटकायची. तो आवाज बरा होत नव्हता. त्या गारव्यात माझा दमा पळाला होता, आणि ह्याचा वाढत चालला होता.

६

रविवारी सकाळी काशम्मा उंबऱ्यात बसून चपलांना तेल लावत होती. तिनं माझी डावी चप्पल उलटीपालटी केली.

"ह्या कुनाच्या?" ती म्हणाली.

"माझ्या. दुसऱ्या कुणाच्या असणार?"

"तुमच्या न्हाईत. तुमच्या अंगट्याखाली झिजलं हुतं म्हनून मी हिरवं रेक्झिन लावून घेतलं हुतं की. माज्या जुन्या पिशवीचं."

मी चप्पल हातात घेतली. अंगठ्याखाली साधं कातडं होतं, पायाच्या घामानं काळं पडलेलं. पायाला इतकी बेतशीर होती, की मला एकदाही शंका आली नव्हती. "ऑफिसात बदलल्या वाटतं," मी म्हणालो. लग्नाकार्यात, देवळात नेहमीच होतं असं.

"मग बदलून आना. दुसऱ्याचं पायात कशाला?" ती म्हणाली, आणि पुन्हा तेलाची चिंधी घेतली.

मला सगळं ठाऊक झालं होतं असं नाही. पण सोमवारी लवकर निघायचं, एवढं मी त्या दिवशी जेवतानाच ठरवून टाकलं.

७

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. हॉल रिकामा होता, उन्हाचे पट्टे टेबलांवर पडले होते. मशीनरूमच्या दाराशी तो जोड, बोटं आत. मी वाकून डावी चप्पल उचलली. अंगठ्याखाली हिरवं रेक्झिन.

म्हणजे मी त्या संध्याकाळी माझ्या चपलांत घरी गेलोच नव्हतो. माझ्या चपला इथंच होत्या, आणि बाहेर चपला म्हणजे आत माणूस.

मी पायातला जोड काढला आणि माझ्या डाव्या चपलेत पाय घातला. छाती लगेच आवळली. गळ्यात तूस भरल्यासारखं झालं, श्वास अर्ध्यावर अडकला आणि सुटताना शिट्टी वाजली. इतक्या दिवसांनी ऐकलेली, माझ्या आतून. मी पाय बाहेर ओढला. छाती मोकळी झाली. पुन्हा घालून बघायची छाती झाली नाही.

मग मी काचेतून बघितलं.

आतला दिवा बंद होता. हॉलमधला उजेड खुर्चीपर्यंत जेमतेम पोचत होता. साहेबांसाठी ठेवलेल्या त्या खुर्चीत पाठमोरं, पुढे झुकून, गुडघ्यांवर हात देऊन कुणी बसलेलं होतं. खांदे वर जात होते, थांबत होते, खाली येत होते. असं कसं बसतात, आणि का बसतात, मला ठाऊक होतं. अशा वेळी पाठीवर कुणाचा तरी हात लागतो. खिडकी उघडावी लागते.

त्या खोलीला खिडकी नव्हती.

मागून कल्लप्पाची चाहूल लागली तशी मी वळलो, आणि पुन्हा बघितलं तेव्हा नुसती खुर्ची होती. मी दिवसभर काम केलं. कार्डांची थप्पी संपू दिली नाही, मशीन थांबू दिलं नाही. पाठीमागे एकदाही बघितलं नाही.

संध्याकाळी बाहेर आलो. त्या परक्या चपला पायात घातल्या. हिरव्या रेक्झिनचा जोड डब्याच्या पिशवीत टाकला.

कल्लप्पा फेरीवर आला. त्यानं खाली बघितलं. दाराशी काही नव्हतं. त्याचा चेहरा किती उजळला, काय सांगू. "गेलं वाटतं कोन ते," तो म्हणाला. दारातून हात घालून त्यानं एअर कंडिशनर बंद केला. घुमार थांबला. त्या शांततेत आतून शिट्टी ऐकू आली, जवळून, दाराजवळून, ओढून ओढून. कल्लप्पानं माझ्याकडे बघितलं.

"तुमची छाती वाजायलीया वो," तो म्हणाला.

"वाजते कधीमधी," मी म्हणालो. "लाव कुलूप."

त्यानं कुलूप लावलं, ओढून बघितलं. मी जाताना बॉयलरकडून गेलो आणि पिशवीतला जोड भट्टीत टाकला. कातडं आधी आखडलं, मग पेटलं.

८

सकाळी कुलूप उघडलं तेव्हा खोली तापलेली होती, कोंदट. काचेवर आतून, तोंडाच्या उंचीला, वाफेचा एक पांढुरका डाग वाळला होता. मी रुमालानं पुसला आणि गारवा सुरू केला. मशीन चालवलं, थांबवलं, कान दिला. काही नाही. मागची खुर्ची मी हॉलमध्ये देऊन टाकली.

रुद्राणी दोन-चार दिवसांनी परत आली. दारात उभी राहून तिनं बराच वेळ ऐकलं, मग सॅंडल काढल्या. "छान वाटतंय की सर आता," म्हणाली. मानसिंगराव साहेब इतके खूश झाले, की पुढच्या वर्षी सगळा हॉलच असा करायचा म्हणतात. सगळ्या खिडक्या बुजवायच्या, सगळीकडे गारवा, आणि सगळ्यांच्या चपला बाहेर. मंडळी कुरकुरली, पण भर उन्हाची आत डोकावून गेली की गप्प बसतात.

मी सुखात आहे. जिने चढतो, सायकल पुलावरूनही न उतरता नेतो, दम लागत नाही. अजिबात लागत नाही.

फक्त काशम्माची झोप पुन्हा उडाली आहे. तिचे डोळे सुजलेले दिसतात. परवा मी विचारलं, आता तर मी वाजत नाही, मग जागतेस कशाला? ती चहाचं भांडं उतरवत होती. मग म्हणाली, "आवाज येत न्हाई म्हनूनच. मी नाकाजवळ हात धरून बघते."

"मग?"

"काय न्हाई," ती म्हणाली, आणि चहा ओतायला लागली.

तिनं बशी माझ्या हातात दिली. चहा चांगलाच गरम होता. मी ओठ पुढे काढून फुंकर घातली. चहा हलला नाही. वाफ सरळ वर जात राहिली. मी पुन्हा घातली, जरा जोरात, गाल फुगवून. सायीची सुरकुती होती तिथंच राहिली.

काशम्मा बघत होती.  तिनं माझ्या हातातली बशी घेतली, तोंडाजवळ नेली, स्वतः फुंकून फुंकून चहा निववला आणि परत माझ्या हातात दिली.

मी प्यालो. चहा छान झाला होता.